मदत हवी आहे: डिस्ने वर्ल्डचे चारही पार्क एका दिवसात (सोबत आई-नाना आणि लहान मुलं)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नाशिकहून अमेरिकेला चाललोय. भाऊ टॅम्पाला असतो, तिथून ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड गाडीने सव्वा-दीड तासावर. त्याच्या रजेचं गणित बघता डिस्नेसाठी एकच दिवस मिळतोय आणि मुलांना चारही पार्क हवेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम. एकातून दुसऱ्यात जायचं 'पार्क हॉपर' तिकीट मिळतं. आधी दुपारी दोनपर्यंत दुसऱ्या पार्कात सोडत नसत, 9 जानेवारी 2024 पासून ती अट गेली. तेव्हा नियमात बसतंय. आमच्या माणसांना झेपेल का, एवढं कोणीतरी अनुभवाने सांगा.

आम्ही दोघं, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची, भाऊ-वहिनी आणि आई-नाना. नानांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी आटोपून, बाग काकांच्या हवाली करून ते येणार आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना सलग चालवत नाही, पण बसून राहा म्हटलं की त्यांना राग येतो. भाऊ म्हणतो, त्र्यंबक, वणी, शिर्डी एका दिवसात करणारी माणसं आपण, एवढं काय त्यात! पण तिथे दर्शन झालं की गाडीत बसायचं असतं. इथे प्रत्येक दारात नव्याने सुरक्षा तपासणी, आत पुन्हा चालणं आणि रांगा.

मी असं ठरवलंय. अ‍ॅनिमल किंगडम सकाळी लवकर उघडतं आणि संध्याकाळी लवकर बंद होतं, शिवाय सफारीत प्राणी सकाळी जास्त हिंडताना दिसतात, म्हणून सुरुवात तिथून. मग हॉलिवूड स्टुडिओज, तिथून स्कायलायनरने (हवेतून जाणारे पाळणे, वेगळं तिकीट लागत नाही) एपकॉट, आणि रात्री मॅजिक किंगडमची आतषबाजी. प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट नक्की, बाकी मिळेल ते. एपकॉटमध्ये ती नक्कीची गोष्ट नानांसाठी: 'लिव्हिंग विथ द लँड'. होडीतून संथपणे काचघरांत नेतात. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, मुळं हवेत लोंबकळताहेत आणि त्यांच्यावर पाण्याचे फवारे. मी त्यांना व्हिडिओ दाखवला तर त्यांनी तो थांबवून थांबवून पाहिला आणि विचारलं, "खत पाण्यातूनच देतात ना? मग फुटीला आधार कशाचा?" जगभरातून लोक तिथे पाळण्यांसाठी जातात, माझे वडील टोमॅटोच्या वेलींसाठी निघालेत. ते मला अजिबात चुकवायचं नाही.

मुलीची उंची 108 सेंमी आहे. एव्हरेस्टची राइड आणि स्पेस माउंटन दोन्हींना 112 लागते, म्हणजे तिला नाही. स्लिंकी डॉगला 97 पुरते. मग एकाने तिच्याजवळ थांबायचं, तर त्याची राइड बुडते का? व्हीलचेअर प्रत्येक पार्कात नव्याने पैसे भरून घ्यावी लागते का? आणि जेवणाचं काय, आई-नाना शुद्ध शाकाहारी आहेत.

तपोवनकर: ताई, राइड बुडत नाही. 'रायडर स्विच' मागा. एक मोठा माणूस मुलीजवळ थांबतो, पहिला परत आला की दुसऱ्याला मोठी रांग न लावता सोडतात. व्हीलचेअर पार्काबाहेर नेता येत नाही, पण पावती जपून ठेवा. त्याच दिवशी पुढच्या पार्कात ती दाखवली की पुन्हा भाडं घेत नाहीत, फक्त तिथे शिल्लक असायला हवी. पार्किंगही एकदाच भरायचं, चारही ठिकाणी चालतं. घरचं खाणं आत नेता येतं, काचेचं भांडं तेवढं नको. वहिनींना दशम्या आणि कोरडी चटणी करायला सांगा. काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट देतात.

ऑरलँडोवासी: तारीख पक्की करण्याआधी एक गोष्ट बघा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मॅजिक किंगडमला काही रात्री ख्रिसमस पार्टी असते, तिचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांसाठी पार्क संध्याकाळी सहालाच बंद होतं. तुमचा सगळा बेत रात्रीच्या मॅजिक किंगडमवर उभा आहे, तेव्हा पार्टी नसलेलाच दिवस घ्या. तिथे गाडी दारापर्यंत जात नाही, हेही धरा. तळ्याच्या अलीकडे लावायची आणि फेरीबोटीने किंवा मोनोरेलने पलीकडे जायचं. आतषबाजीनंतर परतताना तिथेच पुन्हा रांग असते आणि मुलं तोवर झोपेला आलेली असतात.

लायटनिंग लेन (जादा पैसे भरून राइडची छोटी रांग) घेणार असाल तर डिस्नेच्या हॉटेलात न राहणाऱ्यांना तीन दिवस आधी निवड करता येते. पहिल्या तीन राइड एकाच पार्कातल्या घ्याव्या लागतात, त्यातली एक वापरली की पुढची दुसऱ्या पार्कातली मिळू शकते. त्या तीन हॉलिवूड स्टुडिओजमध्ये घाला. अ‍ॅनिमल किंगडमला दार उघडताच पोचलात तर तिथे गरज पडत नाही.

आता माझं मत. चारही पार्क सगळ्यांनीच कशाला करायचे? नानांना फक्त एपकॉटचं एक दिवसाचं तिकीट काढा, हॉपरपेक्षा स्वस्त पडतं. त्याच पार्कातून बाहेर पडून परत आत येता येतं. तिथे काचघरांतून पायी फिरवणारी 'बिहाइंड द सीड्स' नावाची तासाभराची सहल असते, पैसे वेगळे. होडीतून जे लांबून दिसतं ते तिथे जवळून दिसतं आणि शंका विचारता येतात. तुमच्या वडिलांचा प्रश्न वाचल्यावर मला वाटतं, त्यांना घाईने चार दारांतून फिरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. पार्टीचं माहीतच नव्हतं, भावाला लगेच कळवलं. आता दोन गाड्या करतोय. नाना आणि वहिनी सावकाश नाश्ता करून थेट एपकॉटला. आईला सफारी आणि महाराजा जंगल ट्रेकमधले वाघ बघायचेत, म्हणून ती सकाळी आमच्याबरोबर, दुपारी नानांकडे. तिचं तिकीट हॉपरच लागेल. दुपारनंतरचे पार्क मुलं आणि आम्ही तिघं करू, दमलो तर हॉलिवूड स्टुडिओज सोडून देऊ. मुलाशी तसं बोलून ठेवलंय.

एकच शंका उरली. ती पायी सहल इंग्रजीत असणार आणि नाना विचारल्याशिवाय राहणार नाहीत. सहलीत वहिनीने हळू आवाजात मराठीत सांगत राहिलं, त्यांचे प्रश्न पुढे विचारले, तर गटातल्या बाकीच्यांना अडचण होते का? कोणी आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर नक्की लिहा. नानांनी प्रश्नांची वही आत्ताच सुरू केली आहे.