सल्फरविना केलेल्या प्रयोगी वाइनमध्ये उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव : काय करावे?

तळघर (प्रश्न)

नमस्कार. आमची वायनरी अगदी लहान आहे आणि तिथे आम्ही मुद्दाम प्रयोगी वाइन करतो. बाहेरून यीस्ट घालत नाही, वाइन गाळत नाही आणि सल्फर डायऑक्साइड (वाइन टिकवण्यासाठी घालतात ते ‘सल्फर’) अजिबात वापरत नाही. या हंगामात पांढरी द्राक्षे सालींसकट आंबवून दोन टाक्या केल्या. पहिलीतील वाइन स्वच्छ आणि भरदार आहे. दुसरीतील वाइनला वास काहीच नाही, पण घोट गिळल्यावर काही क्षणांनी जिभेमागे उंदराच्या पिंजऱ्याची आठवण करून देणारी चव येते आणि बराच वेळ जात नाही. दुसऱ्या टाकीत सालींचा सहवास अधिक काळ होता, तिचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा मोठा, तितकी आम्लता कमी) ३.७५ आहे, आणि नमुने काढत गेल्याने ती वरून थोडी रिकामी राहिली होती. ही वाइन सुधारते का, की टाकून द्यावी? आणि पुढील वर्षी थोडे सल्फर घातले, तर तिला नैसर्गिक म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल का?

आंबवण

आपण वर्णन केलेला दोष ओळखीचा आहे. काही लॅक्टिक जिवाणू आणि ब्रेटानोमायसिस हे यीस्ट टेट्राहायड्रोपिरिडीन वर्गातील संयुगे तयार करतात. वाइनच्या आम्लतेत ही संयुगे हवेत उडत नाहीत, म्हणून पेल्यातून वास येत नाही. तोंडात लाळेमुळे पीएच वाढला की ती मोकळी होतात, आणि म्हणूनच चव उशिरा जाणवते. लाळेचा पीएच माणसागणिक वेगळा असल्यामुळे एकाच टेबलावर एकाला ही वाइन असह्य वाटते, तर दुसऱ्याला त्यात काहीच आढळत नाही. त्यामुळे निर्णय एकट्याच्या जिभेवर सोडू नये. थोड्या वाइनमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा घालून वास घेतल्यास दोष पेल्यातच उघड होतो. आपल्या दोन्ही टाक्यांची ही चाचणी आजच करावी.

वाइन इतक्यात टाकून देऊ नका. टाकी काठोकाठ भरून, थंड जागी, हवा न लागू देता ठेवल्यास हा दोष काही महिन्यांत ओसरल्याची उदाहरणे आहेत, मात्र त्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. टाकी भरण्यासाठी चांगल्या टाकीतील वाइन मात्र वापरू नये, कारण दोष फारच अल्प प्रमाणातही जाणवतो आणि जिवाणूही सोबत जातात. लहान भांड्यांत उतरवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

द्राक्षवेल

सल्फरच्या प्रश्नाचे उत्तर मला पीएचमध्ये दिसते. सल्फर डायऑक्साइडचा जो अंश जिवाणूंना रोखतो, तो आम्लतेवर अवलंबून असतो. पीएच ३.२ असताना मुक्त, म्हणजे इतर घटकांशी न बांधलेल्या, सल्फरचा सुमारे ४ टक्के भाग कामाचा असतो, ३.७५ ला तो जेमतेम १ टक्क्याच्या आसपास उरतो. म्हणजे जे संरक्षण ३.२ पीएचच्या वाइनला लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम मुक्त सल्फरने मिळते, त्यासाठी आपल्या दुसऱ्या टाकीला ४४ मिलिग्रॅम लागतील. फ्रान्समध्ये २०२० साली मान्य झालेल्या ‘व्हां मेथोद नातुर’ या सनदेत किण्वनापूर्वी आणि किण्वनादरम्यान सल्फर वर्ज्य आहे, पण नंतर एकूण सल्फाइट लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याची मुभा आहे, आणि त्या वाइनवर वेगळे चिन्ह लावावे लागते. तेव्हा बाटलीवर स्पष्ट लिहून थोडे सल्फर घालण्यात मला अप्रामाणिकपणा दिसत नाही. परंतु ३.७५ च्या वाइनला ही संपूर्ण मुभाही पुरणार नाही, हे वरच्या हिशेबातून दिसते.

म्हणून खरा उपाय द्राक्षे तोडण्याच्या दिवशी सुरू होतो. सालींमधून पोटॅशियम रसात उतरते, ते टार्टरिक आम्लाशी बांधले जाऊन क्षार म्हणून तळाशी बसते, आणि पीएच वर सरकतो. सालींचा सहवास लांबवायचा असेल, तर आम्लता शिल्लक असतानाच द्राक्षे तोडावी लागतात. जॉर्जिया देशातील क्वेव्री, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मातीच्या मोठ्या भांड्यांत वाइन महिनोन्‌महिने सालींवर राहते, हे खरे. पण किण्वन संपल्यावर ती भांडी नीट भरून वरून घट्ट बंद केली जातात. या पद्धतीचे आकर्षण वाटणाऱ्यांनी सालींइतकेच त्या झाकणाकडेही लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

तळघर

सोड्याची चाचणी केली. दुसऱ्या टाकीचा वास लगेच उघड झाला, पहिलीचा आला नाही. पुढील हंगामात सल्फर घातलेली आणि न घातलेली अशा दोन तुकड्या करण्याचा विचार आहे. त्यात आणखी काय बदलावे?

आंबवण

आणखी काहीही बदलू नका. एकाच दिवशी तोडलेली द्राक्षे, सारखीच भांडी, सालींचा सारखाच सहवास, आणि फरक केवळ सल्फरचा. असे केले तरच निष्कर्ष आपला राहतो. यीस्ट आपापले सुरू होण्याची जोखीम नको असल्यास थोडी निरोगी द्राक्षे आधी तोडून त्यांचे विरजण (आधीच आंबू लागलेला रस) करावे, त्याची चव आणि वास पाहावा, आणि चांगले लागलेले विरजणच दोन्ही भांड्यांना सारखे द्यावे. साखर पूर्ण संपेपर्यंत घनता रोज नोंदवावी, कारण अर्धवट थांबलेले किण्वन आणि उरलेली साखर ही जिवाणूंना मिळालेली मोकळीक असते. फ्रान्समधील बोजोले येथील वाइन व्यापारी आणि रसायनशास्त्रज्ञ ज्यूल शोव्हे (१९०७–१९८९) यांनी सल्फरविना वाइन करण्याचा पाया घातला, तो निरोगी द्राक्षे, कसोशीची स्वच्छता आणि सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण यांच्या आधारावर. एक साधा सूक्ष्मदर्शक आपल्या वायनरीतही हवा. द्राक्षांतले मॅलिक आम्ल जिवाणू संपवत आणतात त्या सुमारास थेंबभर वाइन त्याखाली पाहिली, तर जिवाणूंची वाढ चवीच्या कितीतरी आधी कळते.