नेत्रविज्ञानात एमएस झाल्यावर मुलीने पुढे कोठे शिकावे?

कृष्णाकाठ:
माझी मुलगी यंदा नेत्रविज्ञानात एमएस होत आहे. शहरातील एका खासगी रुग्णालयात तिला नोकरी मिळते आहे; परंतु ज्यांना पैसे देणे शक्य नाही अशांसाठी काम करायचे, हे तिचे जुनेच म्हणणे आहे. नुसत्या तळमळीवर अशी कारकीर्द आयुष्यभर निभते का, याबद्दल जाणकारांनी सल्ला द्यावा.

निवृत्त भूलतज्ज्ञ:
ताई, नुसत्या तळमळीवर निभत नाही. म्हणूनच मुलीने मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांची कारकीर्द नीट अभ्यासावी. त्यांना प्रसूतितज्ज्ञ व्हायचे होते, पण ऐन तारुण्यात संधिवाताने गाठले, बोटे वाकडी झाली आणि तो मार्ग बंद झाला. त्याच बोटांत शस्त्र धरायची सवय करून ते नेत्रशल्यचिकित्सक झाले आणि पुढे त्या हातांनी लाखभर शस्त्रक्रिया केल्या. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर, 1976 मध्ये, त्यांनी बहीण-मेहुण्यांना सोबत घेऊन 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले.

लोक वाकड्या बोटांपाशीच थांबतात. माझ्या मते त्यांची करुणा दिसते ती कामाच्या आखणीत. शस्त्रक्रिया मोफत असूनही शिबिरात तपासलेली माणसे प्रत्यक्षात येत नाहीत, कारण प्रवासभाडे, जेवण आणि बुडणारी मजुरी त्यांना परवडत नाही, हे लक्षात आल्यावर तेथे ने-आण आणि जेवणही रुग्णालयाकडे घेतले गेले. शस्त्रक्रियागृहात दोन टेबले शेजारी-शेजारी असतात. एकावरील काम संपताच शल्यचिकित्सक सूक्ष्मदर्शक दुसऱ्याकडे वळवतो, आणि तोवर खेड्यांतून निवडून प्रशिक्षित केलेल्या मुलींनी पुढच्या रुग्णाची तयारी करून ठेवलेली असते. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची परदेशी भिंगे गरिबांच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून 1992 मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून ती मदुराईतच बनवायला घेतली. पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून न देणाऱ्यांचा खर्च निघतो. देणगीसाठी हात पसरत बसावे लागत नाही.

भिंगबदल:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मात्र मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगा: केवळ फेको, म्हणजे यंत्राच्या ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची पद्धत, शिकून खेड्यात भागत नाही. तेथे पूर्ण पिकलेले, कडक मोतीबिंदू येतात, आणि अशा वेळी लहान छेदाची, टाक्याविना होणारी, महागड्या यंत्रावाचून करता येणारी एसआयसीएस ही शस्त्रक्रिया हाताशी असावी लागते. अरविंद किंवा हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेची फेलोशिप पाहावी; घराजवळ हवे असल्यास पुण्याचे एच. व्ही. देसाई आणि पनवेलचे लक्ष्मी या रुग्णालयांतही चौकशी करावी. किती शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने करायला मिळतील, आणि गुंतागुंत झालेल्या रुग्णाचा पाठपुरावा शिकणाऱ्याकडे असतो की नाही, हे प्रवेशाआधी स्पष्ट विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत मिळाले, तर तेथे जाऊ नये. मी स्वतः जेथे शिकलो तेथे शिबिरातील रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी गेला की त्याचे पुढे काय झाले हे आम्हाला कधीच कळत नसे, आणि त्याची खंत आजही वाटते.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. एसआयसीएस तिने आतापर्यंत मोजक्याच केल्या आहेत, असे ती सांगते. मदुराईला भाषेची अडचण कितपत येते?

निवृत्त भूलतज्ज्ञ:
सुरुवातीला येते. 'वर पाहा', 'खाली पाहा', 'डोळा हलवू नका' एवढे तमिळ पहिल्याच आठवड्यात पाठ करावे; रुग्ण टेबलावर जागाच असतो.