निपाणीत खोली, करार कन्नडमध्ये : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण देवचंद कॉलेजला आहे. कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. खोली मात्र निपाणीत, कर्नाटकात. पोरगी रोज सकाळी राज्य ओलांडून तासाला जाते!

घरमालक काका तसे चांगले. पण ११ महिन्यांचा करार कन्नडमध्ये छापून आणलाय आणि आम्ही आजऱ्याचे, एक अक्षर लागत नाही. आकडे तेवढे कळले: अडव्हान्स २०,०००, भाडं ४,५००. सोडताना रंगकामासाठी महिन्याचं भाडं कापणार, असं तोंडी सांगितलंय. ते कागदावर आहे की नाही, देव जाणे. निपाणीत मराठी-कन्नड दोन्ही भाषांत करार करून देणारं कुणी आहे का? स्टॅम्प कर्नाटकचाच लागणार, हे कळतंय. पण मराठी मजकूर चालतो का?

दुसरं, वीज. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत २०० युनिटपर्यंतची सवलत भाडेकरूंनाही आहे. पण हिच्या खोलीला हेस्कॉमचं (तिथल्या वीज कंपनीचं) वेगळं मीटर नाही, काकांच्या मीटरवरून सब-मीटर टाकलाय आणि ते युनिटला ८ रुपये घेतात. काकांचं स्वतःचं बिल शून्य येतं की काय, विचारायचा धीर झाला नाही. अशा खोलीला स्वतंत्र मीटर कुणी घेतलंय का? खर्च मालकानं केला की तुम्ही?

सही रविवारी आहे. तोवर कुणी करार वाचून दाखवला तरी उपकार होतील, नावं झाकून फोटो पाठवते.