अंडाशयंही काढलीत, हाडांसाठी फिश ऑइल की हार्मोनच्या गोळ्या?

मेघा_सांगली:
नमस्कार मंडळी, वय ४४. ४१व्या वर्षी फायब्रॉइडमुळे पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही काढली, तेव्हा याचा हाडांशी काही संबंध असतो हे कोणी बोललंच नाही. परवा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली, कण्याचा टी स्कोअर उणे २.१ आलाय, म्हणजे तरुण निरोगी हाडांपेक्षा घनता कमी. डॉक्टर हार्मोनचं म्हणतायत, पण सासूबाई म्हणतात त्याने कॅन्सर होतो, आणि जाऊ फिश ऑइल आणून देतेय, म्हणते आधी हेच घे. जवसाची चटणी तर रोजच खाते. कोणाला अनुभव?

तारली_प्रेमी:
अगं जवसात ओमेगा ३ असतं पण ते वेगळ्या प्रकारचं, शरीर त्याचं इपीए डीएचए (माशांतलं ओमेगा ३) फार थोडं बनवतं. बांगडा, तारलीत ते थेट मिळतं. सूर्यफुलाच्या तेलात ओमेगा ६ जास्त, त्यात तळलेलं कमी कर, मासे खात असशील तर तव्यावर थोड्या तेलात परत, कॅप्सूलपेक्षा स्वस्त पडेल.

जुनाखेळाडू:
साजूक तूप खा, आमची आजी नव्वदीपर्यंत ताठ चालत होती, ना डेक्सा ना काही 😄

डॉ_घरगुती:
आजीची अंडाशयं जागेवर होती हो. मेघाताई, अंडाशयात बनणारं ईस्ट्रोजेन हार्मोन असतं तोवर हाड खाणाऱ्या पेशींना लगाम असतो, ते अचानक गेलं की त्या मोकाट सुटतात, हाड भरायचं काम मागे पडतं, आणि तुमच्या बाबतीत हे वयाच्या आधी झालंय. फिश ऑइलमागे लॉजिक आहे, ओमेगा ६ पासून प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचं रसायन शरीरात बनतं, ते त्या पेशींना चेव आणतं, ओमेगा ३ ने ते कमी होतं. अंडाशयं काढलेल्या उंदरांना फिश ऑइल दिल्यावर हाड कमी झिजलं हेही दिसलंय. पण माणसात छोटे छोटे प्रयोग, निकाल इकडे तिकडे, फ्रॅक्चर टळतात असं ठाम कुणी दाखवलेलं नाही. हार्मोनने मात्र अमेरिकेत बायकांवर झालेल्या डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) या मोठ्या चाचणीत (निकाल २००२) खुब्याचे फ्रॅक्चर साधारण एक तृतीयांश कमी झाले होते. कॅन्सरची भीतीही तिथूनच पसरली, पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि गोळीत ईस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन (पिशवीच्या अस्तराच्या रक्षणासाठी देतात ते दुसरं हार्मोन) होतं. पिशवी काढलेल्यांना नुसतं ईस्ट्रोजेन देतात, त्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. लवकर अंडाशयं गेलेल्यांना पन्नाशीच्या आसपासपर्यंत हार्मोन द्यावं असाच सर्वसाधारण सल्ला आहे. पण स्वतःला आधी स्तनाचा कॅन्सर, पायात गुठळी, स्ट्रोक, लिव्हरचा त्रास यातलं काही झालं असेल तर गणित बदलतं, ते डॉक्टरांना सांगा.

मेघा_सांगली:
यातलं मला काही नाही, आत्याला मात्र स्तनाचा कॅन्सर होता. आणि ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल मी सकाळी कोऱ्या चहासोबत घेते, चालेल?

डॉ_घरगुती:
आत्याचं नक्की सांगा, तिला कितव्या वर्षी झाला तेही. आणि ती कॅप्सूल जेवणानंतर घ्या, ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, कोऱ्या चहासोबत नीट शोषलं जात नाही. इथे जुनाखेळाडूंचं तूप कामी येईल, चमचाभर भातावर.

जुनाखेळाडू:
बघा!!