कोल्हापूर ते दिल्ली विमान न घेता, सोबत 76 वर्षांचे बाबा. कोणता मार्ग धरावा?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीला भाच्याची मुंज आहे. मी, नवरा आणि माझे बाबा असे तिघे निघणार. भाऊ विमानाची तिकिटं काढून द्यायला तयार आहे, मीच नको म्हटलंय. पैशाचा प्रश्न नाही आणि विमानाची भीतीही नाही. जिथे रेल्वे जाते तिथे विमानाने जायचं नाही, एवढंच ठरवलंय. त्यामुळे विमान किती सोयीचं हे कृपया सांगू नका, ते घरी रोज ऐकते.

ब्रिटिश सरकारच्या 2022 च्या आकड्यांत देशांतर्गत विमानप्रवासाला दर माणशी दर किलोमीटरला साधारण 246 ग्रॅम कार्बन धरलाय आणि रेल्वेला 35. आपली वीज बहुतेक कोळशाची, म्हणून इथे फरक तेवढाच असेल असं मी म्हणत नाही. पण उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, दिल्लीला थेट विमान नाही. मुंबई किंवा हैदराबादला बदलायचं, म्हणजे दोनदा उड्डाण, आणि वर चढताना इंधन जास्त जळतं. शिवाय दिल्लीला जायला आधी हैदराबाद गाठायचं हे मला तरी पटत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, "तू बसलीस काय न् नाही बसलीस काय, विमान उडणारच." अहो, कोल्हापूरची विमानसेवा किती वर्षं बंद होती आणि 2018 ला परत सुरू झाली, ते आपण बघितलंय ना? माणसं बसतात म्हणून विमानं उडतात. मी गाडीने गेले म्हणून पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांच्या धोका पातळीच्या आत राहणार नाही, एवढं मलाही कळतं.

तर मार्ग. दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनला कोल्हापूरहून थेट गाडी आठवड्यातून एकदाच, तिचा वार मुंजीच्या तारखेशी जुळत नाही. मग उरतात दोन:

एक, मिरजेहून गोवा एक्सप्रेस. रोज आहे. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडीत.

दुसरा, महालक्ष्मीने सकाळी सीएसएमटी, आणि तिथूनच दुपारी राजधानी. स्टेशन बदलायचं नाही ही मोठी सोय, पण मधले सात-आठ तास बाबांना बसवायचं कुठे?

खरी अडचण बर्थची आहे. बाबांचे गुडघे गेलेत. मधल्या बर्थवर चढणं सोडाच, खालच्या बर्थवरसुद्धा मधला बर्थ उघडलेला असला की मान वाकवून बसावं लागतं, मग रात्री दोनदा उठायचं म्हणजे कसरत. नवरा म्हणतो 2 एसी घेऊ. माझा जीव 3 एसीत अडकलाय, कारण एका डब्यात 72 माणसं जातात, 2 एसीत पन्नासच्या आसपास, म्हणजे 3 एसीत माणशी कार्बन कमी. हा हिशोब फारच ताणलाय का? बाबांसाठी सोडून द्यावा असं वाटायला लागलंय.

लोअर बर्थ कोटा तिघांच्या एका तिकिटावर मिळत नाही असं वाचलं. दोन तिकिटं केली तर डबे वेगळे येतील का?

खाण्याची काळजी नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग घरूनच नेणार.

मिरजकर:
ताई, गोवा एक्सप्रेसच घ्या. कोट्यासाठी पुरुष 60 च्या पुढे आणि बाई 45 च्या पुढे चालते, पण एका तिकिटावर दोघांपर्यंतच. तुमचं वय बसत असेल तर तुम्ही आणि बाबा एका तिकिटावर, साहेब वेगळ्या. डबा वेगळा आला तरी आतून जाता येतं. बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, सकाळी आठला बसा. मिरजेहून वेटिंग दाखवलं तर गाडी सुटते त्या वास्कोपासून तिकीट काढून बोर्डिंग मिरज टाका, थोडे पैसे जास्त जातील. आणि 2 एसी घ्या हो, वडील आहेत.

फिरस्ता:
मुंबईमार्गे गेलात तर सीएसएमटीला रिटायरिंग रूम असते, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळते. बाबा दुपारपर्यंत आडवे होतील. फक्त मार्ग कुठलाही घ्या, मुंजीच्या निदान एक दिवस आधी पोचा. उत्तरेत तेव्हाही धुकं असू शकतं, आणि धुक्यात गाडी किती रखडेल याला धरबंध नाही.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. मी 47 ची, म्हणजे बाबांबरोबर एका तिकिटावर बसते. हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, मुंबईत उतरून परत चढायचं नको, एकदा बसवलं की दिल्लीलाच उठवा. तेव्हा गोवा एक्सप्रेस, 2 एसी. नवरा जिंकला.

आता मिरजकर, एवढंच सांगा: कोल्हापूरहून संध्याकाळच्या पॅसेंजरने मिरजेला यावं की सरळ गाडी करावी? आणि मिरजेला प्लॅटफॉर्म बदलायला लिफ्ट आहे का, की जिनाच चढावा लागेल?