परदेशात ६ आठवड्यांचं ट्रेनिंग आहे, व्हिसा नेमका कुठला टाकायचा?

नमस्कार मंडळी, आमच्या कंपनीने जर्मनीतून नवीन पॅकिंग मशीन घेतलंय आणि ते चालवायला-दुरुस्त करायला शिकण्यासाठी मला तिकडच्या कारखान्यात ६ आठवडे पाठवतायत. एचआर म्हणतं बिझनेस टाक, एजंट म्हणतो टुरिस्ट टाक पटकन होतं, आणि फॉर्मवर स्टडी पण दिसतंय, त्यामुळे डोकं चक्रावलंय. पगार इकडचाच चालू राहणार, राहण्या-खाण्याचा खर्च पण आमचीच कंपनी करणार. ट्रेनिंग संपल्यावर २ दिवस पॅरिसला जायचं मनात आहे. किती आधी अप्लाय करू आणि कागद काय काय लागतील?

उत्तर १
टुरिस्टचं आधी डोक्यातून काढा. एकीकडे ट्रेनिंगचं निमंत्रण आणि दुसरीकडे फॉर्मवर टुरिस्ट, हे जुळत नाही म्हटल्यावर सरळ रिजेक्ट होऊ शकतं, एजंटचं काय जातंय. ६ आठवडे म्हणजे शेंगेनचा (जर्मनी, फ्रान्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) शॉर्ट स्टे, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. फॉर्मवर काय टिक करायचं ते जर्मन दूतावासाच्या साइटवर ट्रेनिंगची जी कागदांची यादी असेल ती बघूनच ठरवा. आणि खरा जीव निमंत्रणपत्रात असतो हो. "ट्रेनिंगसाठी येत आहेत" एवढी एक ओळ पुरत नाही. कुठलं मशीन, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या तारखेपासून कधीपर्यंत, रोज साधारण काय शिकवणार, खर्च कोणाचा, हे सगळं त्यांच्याकडून लिहून घ्या. शिवाय तुम्ही तिथे फक्त शिकणार, त्यांच्या प्रॉडक्शनचं काम करणार नाही, हेही स्पष्ट यायला हवं, कारण लाइनवर उभं राहून काम करायचं असेल तर वर्क परमिटचा प्रश्न येतो आणि मग हा व्हिसा चालेलच असं नाही.

उत्तर २
वरच्यांशी सहमत. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण तिथपर्यंत थांबू नका. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, काही केसमध्ये ४५ पर्यंत लांबतो, आणि अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो तो वेगळा. पासपोर्ट १० वर्षांच्या आतला, परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा आणि २ पानं कोरी हवीत. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचे. पॅरिसचं लपवू का मग? एजंट म्हणतो लिहू नको.

उत्तर १
अजिबात लपवू नका, लपवण्यासारखं त्यात आहेच काय. बहुतेक मुक्काम जर्मनीत आहे म्हणून अर्ज जर्मनीकडेच जाणार, तिथून फ्रान्सला त्याच व्हिसावर जाता येतं. फक्त ते २ दिवस प्रवासाच्या आराखड्यात, इन्शुरन्सच्या तारखांत आणि तुमच्या कंपनीच्या पत्रात दिसले पाहिजेत, आणि त्यांचा खर्च तुमचा असेल तर तसं लिहा, सोबत बँक स्टेटमेंट जोडा. कंपनीच्या पत्रात तुम्ही परत कामावर कधी हजर होणार ती तारीख नक्की घाला, माणूस परत येणार ना ही शंका त्यांना सगळ्यात जास्त असते.

उत्तर ३
एक राहिलं. व्हिसा मिळाला तरी विमानतळावर अधिकारी विचारू शकतात कशाला आलात म्हणून, तेव्हा निमंत्रणपत्र, इन्शुरन्स, परतीचं तिकीट यांच्या प्रिंट जवळच्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. शुभेच्छा!