हॅझर्ड, थ्रेट, रिस्क : तिन्हीला 'धोका'च?

उरणकर : पाइपलाइनच्या सेफ्टी रिपोर्टचं मराठी करतोय, सरकारी ऑफिसलाही जाणारे आणि कंपनीच्या लोकांनाही. मूळात हॅझर्ड, थ्रेट, रिस्क तीन वेगळ्या अर्थांनी आलेत आणि माझ्याकडून सगळीकडे 'धोका'च पडलाय. सुचवा काहीतरी.

शब्दखोर : दाबाखालचा गॅस हा हॅझर्ड, तिथे धोका ठीक. थ्रेट म्हणजे पाइप ज्याने फुटू शकेल ते, गंज, जेसीबीचा दात, खचलेली जमीन वगैरे, त्याला सरळ 'धोक्याचं कारण' म्हणा. रिस्क म्हणजे जोखीम, फुटायची शक्यता किती आणि फुटलं तर नुकसान किती हे दोन्ही धरून. माळावरचा आणि वस्तीतला पाइप सारखाच गंजला तरी जोखीम सारखी नसते.

बोरूबहाद्दर : एवढा कीस कशाला? धोका म्हटलं की कळतं सगळ्यांना.

जुना फिटर : कीस पाडायलाच पाहिजे राव. अमेरिकेत मिशिगनमधल्या मार्शलला 25 जुलै 2010 ला एन्ब्रिज कंपनीची 6बी लाइन फुटली, 30 इंची, क्रूड ऑइलची. 2005 ला त्याच जागी पिग, म्हणजे पाइपच्या आतून जाणारं तपासणीचं यंत्र, फिरवून तपासणी झालेली आणि 51 इंचांहून लांब खूण दिसलीही होती, पण अ‍ॅनालिस्टने तिला 'क्रॅक-लाइक' म्हटलं, म्हणजे सुटी भेग, खरं तर ते 'क्रॅक फील्ड' होतं, भेगांचा अख्खा पट्टा. दोन्हींचे खणून बघायचे निकष वेगळे, त्यामुळे तिथे कोणी खणलंच नाही. आणि फुटल्यावर कंपनीच्या कॅनडातल्या एडमंटनच्या कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतायत तर ते म्हणे 'कॉलम सेपरेशन', लाइनीत पोकळी झाली असेल, म्हणून पुन्हा दोनदा पंप चालू केले!! 17 तास गेले, तेल कालामाझू नदीत, आणि शेवटी कळवलं कोणी तर बाहेरच्या एका गॅस कंपनीच्या माणसाने.

बोरूबहाद्दर : बाप रे. मग 'भेग' आणि 'भेगांचा पट्टा' वेगळंच ठेवा.

उरणकर : ठेवतो. अजून एक, अमेरिकेच्या नियमांत गॅस लाइन फुटली की 'इन्सिडंट' आणि तेलाची फुटली की 'अ‍ॅक्सिडंट'. मी घटना आणि अपघात केलंय.

शब्दखोर : 'घटना' फार सौम्य होतं हो, माणसं गेली तरी घटनाच? दोन्हीकडे अपघात लिहा आणि कुठल्या नियमाखालचा ते पुढे द्या. ऑफिसातला माणूस कलमच बघणार.

उरणकर : आणि अ‍ॅनॉमली? डिक्शनरीत 'विसंगती' आहे.

जुना फिटर : 'दोष' तरी लिहू नका. पिगला काहीतरी वेगळं दिसलं एवढंच असतं ते, खणून, कोटिंग काढून, मोजून मर्यादेबाहेर निघालं तर डिफेक्ट. आधीच दोष लिहिलंत तर कंपनी भांडायला येते आणि नुसतं विसंगती लिहिलंत तर साहेब फाइल बाजूला ठेवतो.

शब्दखोर : 'संशयित जागा' कसं वाटतं?

जुना फिटर : चालेल. पुढे 'अजून खणून पाहिलेली नाही' हे मात्र दरवेळी लिहा.